चार पितळी बुचं

माणसाने निसर्गावर मिळवलेला सर्वांत भक्कम विजय म्हणजे यंत्र, याबद्दल दुमत नसावं. आमच्या पॉइंट कॅनार गावात हा विजय दर सात-आठ वर्षांनी एका रात्रीत उभा तडकतो आणि सकाळी त्यातून खाडीचं पाणी गळायला लागतं.

कारण आमची थंडी. ती धड पडत नाही. डिसेंबरात येते, अंगावर एखादं पांघरूण जास्त घ्यायला लावते, दोन दिवस राहते आणि समुद्रावरून ढग आले की निघून जाते. जिथे खरी थंडी आहे तिथले लोक ऑक्टोबरातच बोटीच्या इंजिनातलं पाणी काढून टाकतात, आत न गोठणारं गुलाबी औषध भरतात आणि वसंतापर्यंत बोटीकडे बघत नाहीत. लुइझियानाच्या आमच्या टोकाला हिवाळा हाच कालवांचा हंगाम. इंजिन रोज सकाळी लागतं. म्हणून थंडीवर आम्ही एकच उपाय करतो: ती पडणार नाही असं धरून चालतो. आठातल्या सात वर्षी हा उपाय रामबाण ठरतो.

माझे मेहुणे ओव्हीद फाल्गू हे आठव्या वर्षाने पोळलेले. एकोणनव्वदच्या नाताळात त्यांच्या वडिलांचं इंजिन गेलं. आमच्या बोटींची इंजिनं खाडीच्याच पाण्याने थंड राहतात. पाणी एका बाजूने आत येतं, पोटातून फिरतं आणि बाहेर पडतं. इंजिन बंद केलं की त्यातलं थोडं पोटात राहतं. ते गोठलं की फुगतं. ओतीव लोखंडाला फुगणं माहीत नाही. एकोणनव्वदला म्हाताऱ्याच्या इंजिनाला बोटभर रुंद तडा गेला. पुढची अठरा वर्षं म्हातारा दुसऱ्याच्या बोटीवर कालवं फोडत बसायचा आणि हवामानाच्या बातम्या लागल्या की उठून बाहेर जायचा.

ओव्हीददादांना या जानेवारीत अडुसष्टावं लागलं होतं. त्यांच्या इंजिनाचं वय एकवीस. तसं इंजिन बनवणं केव्हाच बंद झालंय. पण मला सांगायचंय ते वचनाचं.

नोव्हेंबरात दादा एकटेच खाडीत गेले असताना पाय घसरून बोटीबाहेर पडले आणि तासभर काठाला लोंबकळत राहिले. शेजारचा आल्सीद तिथून जात होता म्हणून निभावलं. नाताळला त्यांची मुलगी लोरेट ह्यूस्टनहून आली ती आपल्या घरातल्या वरच्या खोलीचे फोटो घेऊनच. पापांसाठी खोलीला रंग दिला होता. फिकट निळा.

"समुद्राचा रंग आहे पापा," ती म्हणाली.

"कुठल्या समुद्राचा?" दादांनी विचारलं. फोटोतल्या खिडकीतून शेजाऱ्यांची तीन गॅरेजं दिसत होती.

मग बोलण्याला बोलणं लागलं, लोरेट रडली, माझी बायको नेल्डा रडली, आणि दादांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हे इंजिन ज्या दिवशी मरेल त्या दिवशी तुझ्याकडे येतो. तोपर्यंत विषय काढायचा नाही."

"लिहून द्या."

दादा लिहिण्यातले नाहीत. ते आत गेले आणि इंजिनाची दुसरी किल्ली घेऊन आले. आमच्या गावात बोटीला दुसरी किल्ली नसते; पहिलीच वर्षानुवर्षं बोटीत लटकलेली असते. ही इंजिनाबरोबर आलेली, एकवीस वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न निघालेली. त्यांनी ती लोरेटच्या हातावर ठेवली. "हे घे. हेच लिहून दिलं समज."

लोरेटने ती आपल्या गाडीच्या जुडग्यात ओवली. सोहळा थाटाचा झाला. एका जिवंत इंजिनाच्या मृत्युपत्रावर सह्या होताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलाने उणे सहाचा आकडा सांगितला. शुक्रवारी रात्री.

गावाने बातमीचं स्वागत परंपरेप्रमाणे केलं. दुकानातला पाव संपला. घरोघरी बदक आणि सॉसेज घालून गंबोच्या दाट रश्श्याची मोठी पातेली चढली, कारण थंडी पडणार म्हणजे गंबो, आणि गंबो म्हणजे सण. बायकांनी संत्र्याच्या झाडांवर फुलाफुलांच्या चादरी टाकल्या. शुक्रवारी दुपारी शाळा लवकर सुटली तेव्हा मी घरी येताना पाहिलं, अख्खं गाव पांघरूण घेऊन उभं होतं, फक्त माणसं आणि बोटी उघड्या होत्या.

दादा माझी वाटच बघत होते. गावात मी इतिहास शिकवतो, त्यामुळे माझ्या हातून काही दुरुस्त होण्याची शक्यता नाही, असा त्यांचा विश्वास आहे. म्हणून माझ्या हातात ते फक्त टॉर्च देतात.

"मास्तर, चल. चार वाजलेत."

"औषध मिळालं का?"

"जर्वेच्या दुकानात गेलो होतो. म्हणाला, आठ वर्षांपूर्वी एक खोकं मागवलं होतं, कुणी विचारलं नाही, परत पाठवलं."

"केव्हा?"

"मंगळवारी."

बोट दादांच्या घरामागच्या लाकडी धक्क्याला होती. 'मिस व्हर्ली'. दादांची बायको, व्हर्लीवहिनी, जाऊन सहा वर्षं झाली, पण बोटीचं नाव बदलत नाहीत. उत्तरेचा वारा सुटला होता. हा वारा खाडीतलं पाणी समुद्राकडे ढकलतो. पाण्यावर तरंगणारी बोट खालच्या पाण्याच्या उबेवर रात्र काढते. पण पाणी गेलं की बोट चिखलावर बसते आणि मग तिला कुणी वाली नसतो. धक्क्याच्या खांबांवर दुपारपर्यंत हातभर ओली रेघ उघडी पडली होती. दादा दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघत होते, जसं तापाच्या माणसाच्या कपाळाला हात लावतात तसं.

"चालूच ठेवलं तर?" मी म्हणालो. "रात्रभर?"

"बाबा तेच करायचे. पहाटे उठून चालू करायचे. लोरेट तीन-चार वर्षांची, तिला घोंगडीत गुंडाळून इंजिनाच्या पेटीवर बसवायचे. ऊब असायची ना. पोरगी तिथेच झोपायची." त्यांनी खांबाकडे बघितलं. "एकोणनव्वदला पाणी गेलं आणि इंजिनाने चिखल ओढला. बंद करावं लागलं. मग काय. तू टॉर्च धर."

इंजिनातलं पाणी काढायला चार पितळी बुचं असतात. दोन वर, ती बसल्या बसल्या निघतात. दोन खाली, पोटाच्या दोन्ही अंगांना. डावं खालचं निघालं आणि भसकन गढूळ पाणी आलं. उजवं खालचं बूच ज्याने कुणी तिथे ठेवलं त्याने मनुष्याचा हात कधी पाहिलेला नसावा. दादा पेटीत डोकं खाली करून उलटे लटकले. पाना बसेना, बसला तर फिरेना. वारा कानात शिरत होता. माझी बोटं टॉर्चला चिकटली होती आणि दादांच्या तोंडून येशू, मारिया आणि इंजिन बनवणारा कारखाना यांचा एकत्र उद्धार चालला होता.

तेवढ्यात आल्सीद आला. हातात गंबोचा वाडगा, पावलं निवांत. त्याच्या बोटीचं इंजिन बाहेरून शेपटीला टांगलेलं असतं. शेपूट खाली सोडली की सगळं पाणी आपोआप गळून जातं. या एका गोष्टीवर तो वर्षभर जगतो.

"काय रे ओव्हीद, बाळंतपण चाललंय का?"

"गप बस आणि गरम पाणी आण," पेटीतून आवाज आला.

"माझं बघ. दोन मिनिटं लागली. एक शेपूट सोडायला, एक सिगारेट पेटवायला."

"तुझं इंजिन नाही ते. शिवणयंत्र आहे."

"असेल. पण माझं शिवणयंत्र उद्या सकाळी चालेल." त्याने चमचा चाटला. मग त्याचाच आवाज थोडा खाली आला. "दिवा लावून ठेव ना पेटीत. तुझे बाबा लावायचे."

"लावलाय."

खरंच लावला होता. पेटीत वायर टाकून एक बल्ब टांगला होता. पूर्वीचे पिवळे बल्ब तापायचे; एक बल्ब रात्रभर इंजिनाला कोंबडीसारखा उबवायचा. आता ते बल्ब मिळत नाहीत. हा नवा, पांढरा, विजेची बचत करणारा होता. मी त्याला हात लावून पाहिला. माझ्यापेक्षा गार होता. पेटीत उजेड मात्र झकास पडला होता.

साडेपाचला बूच फिरलं. निघालं. आम्ही तिघं बघत राहिलो. भोकातून काही आलं नाही.

"रिकामं आहे," मी म्हणालो.

दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "रिकामं? मास्तर, डावीकडून बादलीभर आलं आणि उजवीकडे वाळवंट? गाळ बसलाय भोकात. आत सगळं पाणी तसंच आहे. बाबांचंही असंच झालं होतं. बूच काढलं, काही आलं नाही, घरी जाऊन झोपले." त्यांनी हात लांब केला. "तार."

तार नव्हती. मी शेजारच्या आमच्या घरात पळालो. नेल्डाने कपाटातून, आठवण म्हणून ठेवलेल्या व्हर्लीवहिनींच्या जांभळ्या कोटाचा हँगर काढून दिला. "दादांना सांग, गंबो गार होतोय."

मी सांगितलं. "इंजिन गार होतंय, तिला सांग," दादा म्हणाले आणि हँगर सरळ करून भोकात घातला.

पाऊण तास ते खुपसत राहिले. हाताची साल निघाली होती, त्यातून रक्त येत होतं आणि थंडीने तेही जरा उशिराच येत होतं. एकदा त्यांनी कपाळ इंजिनाला टेकवलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "तीन गॅरेजं." आल्सीदने वाडगा धक्क्यावर ठेवला आणि कोट काढून त्यांच्या पाठीवर टाकला. विनोद केला नाही. आल्सीद विनोद करत नाही म्हणजे परिस्थिती गंभीर असते.

आणि मग आलं. आधी काळा गाळ, कालवांचा चुरा, मग पाणी, तपकिरी, जाड, बराच वेळ. दादा उलटेच लटकून रडत होते की हसत होते हे वरून कळायला मार्ग नव्हता.

पुढचं काम रिवाजाचं. गावात नियम आहे की काढलेली बुचं तारेत ओवून इंजिनाच्या किल्लीला बांधायची आणि किल्ली बोटीत न ठेवता घरी न्यायची. म्हणजे चार भोकं उघडी असताना इंजिन सुरू करायचं असेल तर माणसाला हातातल्या चार बुचांकडे डोळेझाक करावी लागते. इतका मूर्ख माणूस गावात आजवर निघालेला नाही, आणि या बाबतीत गावाने प्रयत्नांत कसूर केलेली नाही.

दादांनी ती माळ खिशात घातली. तेवढ्यात वाऱ्याने कुठेतरी तार तुटली आणि गावाची वीज गेली. पेटीतला पांढरा बल्ब विझला. कुणाला काही फरक पडला नाही. फोनचा मनोराही गप्प झाला. आमच्याकडे गॅसची शेगडी आहे, म्हणून दादा आमच्याकडेच जेवले आणि सोफ्यावर पडल्या पडल्या घोरायला लागले. असा घोरताना मी फक्त पास झालेला विद्यार्थी पाहिला आहे.

आता हे आम्हाला नंतर कळलं, पण सांगायचं इथेच. लोरेट ह्यूस्टनला टीव्हीवर तोच आकडा बघत होती. संध्याकाळपासून ती वडिलांना फोन लावत होती, लागत नव्हता. तिच्या नवऱ्याने म्हटलं, "उद्या इंजिन फुटलेलं असेल, मग तुझे पापा येतीलच की. तुला तेच हवं होतं ना?" त्यावर तिने गाडीची किल्ली उचलली. सहा तासांचा रस्ता. पहाटे साडेसहाला ती वडिलांच्या घरी पोचली. दार वाजवलं, घरात कुणी नाही, शेजारी आमच्या खिडक्यांत अंधार. तिला वाटलं, एवढ्या थंडीतसुद्धा म्हातारा कुठे मदत मागत हिंडतोय. ती धक्क्यावर गेली. बोट अजून तरंगत होती. तिला आजोबा आठवले, घोंगडी आठवली. जुडग्यात किल्ली होतीच.

आम्ही सातला उठलो. नेल्डाने शेगडीवर कॉफी ठेवली. दादा टेबलाशी बसले, खिशातून किल्ली काढून समोर ठेवली, चार बुचं टेबलावर खणखणली. ते बुचांकडे बघून हसले. गेल्या महिन्याभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आज दुपारी ऊन येईल," ते म्हणाले. "बुचं लावू, पाणी चढेपर्यंत थांबू, उद्या कालवांना."

नेल्डाने कप ठेवला. बाहेर वारा पडला होता. आणि त्या शांततेत धक्क्याकडून एक आवाज येत होता. हळू, गोल, एका लयीत.

दादांची मान वर झाली. आधी त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ ओळख उमटली, घरातलं माणूस दारात खाकरावं आणि आपण ओळखावं तशी. "आपलंच आहे," ते म्हणाले. "काय सुंदर चाललंय बघ."

मग त्यांनी टेबलावरच्या किल्लीकडे बघितलं. किल्लीला चार बुचं होती.

दादा पायात काही न घालता धावले. मी त्यांच्यामागे. सत्तर पावलांचं अंतर असेल. अर्ध्या वाटेत इंजिनाचा आवाज बदलला. घोगरा झाला, मग खरवडल्यासारखा, मग एक ठोका, जसं कुणी लोखंडी दार लाथेने लावावं. त्यानंतर नुसती फुसफुस आणि वाफ.

लोरेट धक्क्यालगत गाडीत बसली होती, काचा बंद, हीटर चालू. आम्हाला बघून ती हसत खाली उतरली. "पापा! वाचवलं मी! अर्धा तास झाला चालू करून, काय मस्त–"

तिने आमच्या नजरेमागोमाग वळून बघितलं.

पंपाने अर्धा तास इमानेइतबारे खाडीचं पाणी आत ओढलं होतं आणि चार भोकांनी ते तितक्याच इमानाने बोटीच्या तळात ओतलं होतं. इंजिनाच्या पोटात काही टिकत नव्हतं, त्यामुळे ते कोरडंच तापत गेलं. बोट बसत गेली. पाणी ओसरलेलं असल्याने तिला फार खाली जावंही लागलं नाही, दीड हात. तेवढं इंजिनाला पुरलं. लाल तापलेल्या लोखंडाला गार पाणी लागलं आणि तडा गेला. उभा, बोटभर, उजव्या बाजूला. बर्फाने गेला असता तर नेमका तिथेच गेला असता.

दादा कमरेइतक्या पाण्यात बोटीत उभे होते. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं.

"पापा, हे धरायचं नाही," लोरेट म्हणाली. तिचे दात वाजत होते. "हे थंडीने नाही झालं. हे मी केलं. हे मोजायचं नाही. ऐकताय ना? काका, तुम्ही सांगा त्यांना."

मी टॉर्च धरणारा माणूस.

आल्सीद त्याच्या धक्क्यावरून बघत होता. "ओव्हीद," तो ओरडला, "माझ्याकडे दुसरा माणूस लागतो रे. शिवणयंत्रावर. सांगून ठेवतो."

"बाबा अठरा वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर बसले," दादा म्हणाले, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग लोरेटकडे वळले. "इंजिन मरेल त्या दिवशी, असं बोललो होतो. कोणाच्या हातून ते आपण कुणीच विचारलं नव्हतं."

"मला तुम्ही यायला हवे होतात. असं नको होतं."

"मग चालू कशाला केलंस?"

"मला वाटलं, ते वाचावं," ती म्हणाली.

दादांनी माझ्याकडे हात केला. "मास्तर, किल्ली आण टेबलावरची."

मी आणली. त्यांनी माळ सोडली आणि चारही बुचं, एकामागून एक, मेलेल्या इंजिनात बसवली. उजवं खालचं पाण्यात हात घालून, न बघता, पहिल्या प्रयत्नात बसलं. "उघडं टाकून जात नाहीत," ते म्हणाले.

रविवारी ते गेले. बरोबर एक पिशवी कपडे आणि बर्फात घातलेली गोणभर कालवं, जी ह्यूस्टनमध्ये फोडायला कुणाला येत नाहीत. नेल्डाने संत्र्यांवरच्या चादरी काढल्या, धुतल्या, घड्या घालून ठेवल्या. संत्र्यांना काही झालं नव्हतं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

सोमवारी शाळा भरली. आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या खिडकीबाहेर एक थर्मामीटर आहे. रात्रीचा सर्वांत खालचा आकडा तो धरून ठेवतो आणि बाई तो फळ्यावर लिहितात. टीव्हीवरच्या मुलाचा उणे सहा हा दीडशे किलोमीटर उत्तरेकडच्या विमानतळाचा होता. आमच्या गावाचा शुक्रवार रात्रीचा आकडा फळ्यावर होता, अधिक दोन.